वर बघण्याआधी खाली बघा : घराभोवतीची वटवाघळे ओळखायची कशी, त्यांच्यासोबत राहायचे कसे

केरळात वटवाघळांकडून येणाऱ्या निपाह विषाणूचा रुग्ण सापडल्याची बातमी येते आणि दोन दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर बाल्कनीतल्या डागांचा फोटो पडतो. "हे वटवाघळाचं आहे का? आपल्याला काही होणार नाही ना?" मग उत्तरांची रांग लागते. कुणी डांबरगोळ्या टांगायला सांगतो, कुणी पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर टाकतो, कुणी आवारातला चिकू तोडायचा ठराव मांडतो.

या गोंधळात मुख्य प्रश्न राहूनच जातो: कोणते वटवाघूळ? भारतात त्यांच्या सुमारे १३० जाती आहेत. त्यातल्या मोजक्याच माणसाच्या घराच्या आसऱ्याला येतात आणि त्यांच्या सवयी एकमेकींशी अजिबात जुळत नाहीत. एक फटीत झोपते, दुसरे पोर्चमध्ये फक्त जेवायला येते, तिसरे समोरच्या वडावर शेकड्यांनी लटकते. कौलांखालच्या पाहुण्यावरचा उपाय पोर्चमधल्यावर लागू पडत नाही आणि वडावरच्यांवर तर कुठलाच उपाय करायचा नसतो. म्हणून आधी ओळख.

## खाली काय पडले आहे?

वटवाघूळ रात्री येते, अंधारात असते, नीट दिसत नाही. जमिनीवर मात्र ते आपली सही करून जाते. सकाळी झाडू मारण्याआधी दोन मिनिटे खाली बघितले तरी पुरते.

भिंतीच्या कडेला, एकाच रेषेत, तांदळाच्या दाण्याएवढ्या काळपट लेंड्या पडल्या असतील तर संशयित तीन: उंदीर, पाल आणि किडे खाणारे छोटे वटवाघूळ. पालीच्या लेंडीच्या एका टोकाला पांढरा ठिपका असतो, तो दिसला की विषय संपला. राहिले दोन. लेंडी कागदाच्या घडीत धरून, हात न लावता, बोटाने दाबा. उंदराची वाळलेली लेंडी कडक असते, सहज मोडत नाही. वटवाघळाची लगेच भुगा होते, आणि त्या भुग्यात उजेडात चमचमणारे कण दिसतात. ते किड्यांचे न पचलेले पंख आणि कवच. उंदराच्या लेंडीत ही चमक कधीच नसते.

दुसरे दृश्य वेगळे. पोर्चच्या भिंतीवर पिवळट-तपकिरी ओघळ, फरशीवर चघळून टाकलेला चोथा (उसाच्या चिपाडाची लहान चपटी गोळी समजा), आणि देशी बदामाच्या, जांभळाच्या नाहीतर पावसाळ्यात आसूपालवाच्या बिया. सकाळी सकाळी "वरच्या मजल्यावरून कोण बिया टाकतं?" म्हणून भांडणे होतात ती याच बियांवरून. हे फळे खाणारे आखूड नाकाचे वटवाघूळ. मुठीएवढे अंग, कुत्र्याच्या पिल्लासारखे तोंड, कानांना पांढरी किनार. फळातला रस गिळायचा आणि धागे थुंकायचे ही त्याची पद्धत. पचनही झटपट, अर्ध्या तासाच्या आत बिया बाहेर. त्यामुळे जेवणाची जागा आणि शौचाची जागा एकच होते.

तिसरे दृश्य घाबरवणारे असते. जुन्या वाड्याच्या बंद खोलीत किंवा रिकाम्या गॅरेजमध्ये सकाळी बेडकाचे पाय, पालीची शेपटी, टोळाचे पंख, क्वचित पिसे पडलेली. यावरून करणी-भानामतीच्या कथा रंगतात. हा प्रताप मोठ्या कानांच्या मांसाहारी वटवाघळाचा. ते शिकार पकडून ठरलेल्या जागी आणते आणि न आवडलेले भाग खाली टाकते. माणसाचे रक्त मात्र ते पीत नाही. रक्तावर जगणाऱ्या जाती जगात तीनच आहेत आणि त्या तिन्ही मध्य व दक्षिण अमेरिकेत राहतात.

## पाकोळी नेमकी कोण?

इथे भाषेचाच एक घोळ आहे. बऱ्याच ठिकाणी छोट्या वटवाघळाला पाकोळी म्हणतात आणि पुलाखाली, गच्चीखाली कळपाने घरटी करणाऱ्या काळ्या पक्ष्यालाही पाकोळीच म्हणतात. फरक सोपा. पक्षी पिसे आणि काडीकचरा थुंकीने चिकटवून घरटे बांधतो आणि दिवसभर उडत असतो. वटवाघूळ घरटे कधीच बांधत नाही. छताला गोळा चिकटलेला दिसला तर तो वटवाघळाचा नव्हे. पुढे या लेखात पाकोळी म्हणजे वटवाघूळच.

## तुमचेच घर का?

छोट्या पाकोळीचे वजन अवघे तीन-चार ग्रॅम, म्हणजे साधारण एका कागदाच्या तावाएवढे. तिला आत शिरायला सहा ते दहा मिलिमीटरची फट पुरते. जिथे करंगळीचे टोक जेमतेम जाते तिथे ती आरामात जाते. जुन्या झाडाची ढोली आणि सुटलेली साल ही तिची मूळ घरे. आपण झाडे काढली आणि त्यांच्या जागी अशा फटींनी भरलेली घरे बांधली. मंगलोरी कौले आणि रीप यांच्यामधली जागा, दुकानाच्या शटरची पेटी, नावाच्या पाटीमागची पोकळी, एसीच्या पाइपसाठी पाडलेले आणि न बुजवलेले भोक, दोन इमारतींमधला सांधा, पत्र्याच्या शेडची दुमड. पाकोळीच्या दृष्टीने ही सगळी ढोलीच. दिवसा ऊब, रात्री बाहेर पडायला मोकळी हवा, आणि समोर रस्त्याच्या दिव्याभोवती जमलेले किडे.

ती कुरतडत नाही, पोखरत नाही, वायर तोडत नाही. आयत्या बिळात नागोबा, इतकेच. भोक तुमचे, पाहुणी तिची तिची आलेली.

## पोर्चमधला पाहुणा राहायला नाही, जेवायला येतो

आखूड नाकाच्या वटवाघळाचे घर दुसरीकडे असते. ताडाच्या पानांखाली, वेलींच्या जाळीत किंवा आसूपालवाच्या झाडात नर पाने-देठ कुरतडून तंबूसारखा आडोसा करतो. पण फळाच्या झाडावर बसून निवांत खाणे धोक्याचे, तिथे घुबडे असतात आणि इतर वाघळांची हिसकाहिसकी. म्हणून ते फळ तोंडात धरून जवळच्या सुरक्षित आडोशाला येते. तीन बाजूंनी बंद, वर खडबडीत स्लॅब, पकडायला पंख्याचा हूक किंवा वायर: तुमचा पोर्च म्हणजे त्याची खानावळ.

हे कळले की उपायही कळतो. ते रोज एकाच जागी लटकते, छतावर तो काळपट ठिपका शोधला की सापडतो. त्या ठिपक्याभोवती दोन-अडीच फुटांच्या चौकोनात जुन्या साडीच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या वीतभर अंतरावर टांगा, प्रत्येक फूट-सव्वा फूट लांब. उडत येऊन उलटे होण्यासाठी त्याला मोकळी जागा लागते, ती पट्ट्या अडवतात. जोडीला हूक काढता आला तर काढा. खरबरीत प्लास्टर असेल तर तेवढा भाग घासून ऑइल पेंटचा गुळगुळीत हात द्या, नखे धरत नाहीत.

सगळीकडे फसतो तो उपाय म्हणजे रात्रभर मोठा दिवा. दिव्यावर किडे येतात, किड्यांवर पाकोळ्या येतात, एक पाहुणा घालवायला दुसरा बोलावल्यासारखे. दिवा लावायचाच तर लहान, छताकडे तोंड केलेला, रात्री आठ ते बारा.

आणि थोडी वाटही बघा. शेजारच्या जांभळाचा बहर संपला की ही खानावळ पुष्कळदा आपोआप बंद होते. तोवर त्या ठिपक्याखाली जुने वर्तमानपत्र पसरून सकाळी गुंडाळून टाकणे हा सर्वांत स्वस्त उपाय. भिंत वाचवायची तर त्याच दिवशी साबणाच्या पाण्याने पुसा. दुसऱ्या दिवशी डाग चुन्यात मुरतो आणि मग रंगच काढावा लागतो.

## फट बुजवायची, पण आतले बाहेर गेल्यावर

पाकोळ्यांचा त्रास खराच होत असेल, म्हणजे लेंड्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर पडतात, वास येतो, फॉल्स सीलिंगमधून खरवड ऐकू येते, तर त्यांना बाहेर काढता येते. चूक होते ती क्रमात. बहुतेक लोक दिवसाढवळ्या गवंडी बोलावतात आणि भोकात सिमेंट मारतात. दिवसा सगळी पाकोळी आत असते. ती आत मरते, वास महिनाभर जात नाही, आणि जी जगते ती उजेडाच्या दिशेने सरपटत घरात उतरते.

क्रम असा. पहिल्या संध्याकाळी सूर्यास्ताच्या वीस मिनिटे आधी घराबाहेर खुर्ची टाका आणि अंधार पडल्यावरही पाऊण तास बसा. घर मोठे असेल तर दोन बाजूंना दोघे. कुठून किती बाहेर पडतात ते मोजा आणि भोक खडूने खुणावून ठेवा. वापरातल्या भोकाच्या कडेला तेलकट तपकिरी घासल्याची खूण असते.

मग बाकीच्या, न वापरलेल्या सगळ्या फटी आधी बुजवा. हे राहिले तर पुढचे सगळे काम वाया, कारण हुसकावलेली पाकोळी चार फुटांवरची दुसरी फट शोधते.

आता वापरातल्या भोकावर एकेरी दार बसवायचे, म्हणजे बाहेर जाता येईल पण परत येता येणार नाही अशी सोय. सिनेमागृहाचा फक्त बाहेर उघडणारा दरवाजा असतो तसे. बारीक विणीची नायलॉनची जाळी, मच्छरदाणीसारखी, भोकाच्या वरून आणि दोन्ही बाजूंनी पट्टी मारून पक्की करा. खालची बाजू मोकळी, भोकापासून निदान दीड फूट खाली लोंबती. जाळी भिंतीला चिकटू नये, बोटभर अंतर राहू द्या. पाकोळी बाहेर येते, जाळीआडून खाली सरकते आणि सुटते. परतताना मात्र ती वासावर थेट भोकाशीच येऊन बसते, खालून वळसा घालायचे तिला सुचत नाही. गोल भोक असेल तर दोन इंची पीव्हीसी पाइपचा दहा इंचाचा तुकडा खाली उतरता बसवला तरी तेच काम होते. पाइप आतून गुळगुळीत हवा. जुना, सिमेंट चिकटलेला तुकडा वापरला की ती नखे रोवून परत वर चढते. मोठ्या विणीची जाळीही नको, त्यात पंखाचे नख अडकून ती तिथेच लटकते.

हे पाच ते सात रात्री राहू द्या. पावसाच्या किंवा कडाक्याच्या थंडीच्या रात्री काही जणी बाहेरच पडत नाहीत, म्हणून त्या रात्री मोजायच्या नाहीत. शेवटच्या दोन संध्याकाळी कुणी बाहेर येताना दिसले नाही की जाळी काढून लगेच भोक बुजवा. सिमेंट-वाळू, सिलिकॉन किंवा सहा मिलिमीटरपेक्षा बारीक लोखंडी जाळी, जागेप्रमाणे. फुगणारा फोम आत कुणीही नाही याची खात्री झाल्यावरच. ओल्या फोमला चिकटलेली पाकोळी सोडवता येत नाही.

महिना कोणता? पिल्लांचा काळ टाळायचा. उडता न येणारे पिल्लू आत असताना आई बाहेर अडकली तर ते उपाशी मरते. घरात राहणाऱ्या बऱ्याच जातींची पिल्ले उन्हाळा आणि पावसाळ्यात होतात, त्यामुळे मार्च ते सप्टेंबर हात लावू नका. नोव्हेंबर ते जानेवारी बरा. तरी सर्वांत छोटी पाकोळी वर्षभर कधीही विते, म्हणून थंडीतही आधी खात्री करा. सगळ्या बाहेर पडल्यावर भोकाजवळ कान लावा. आतून बारीक चिरचिर येत असेल तर काम तीन-चार आठवडे पुढे ढकला.

कौलारू घराला हे सगळे जमत नाही, हे सांगितलेले बरे. दोनशे कौलांच्या चारशे फटी कोण बुजवणार? तिथे ज्या वाशाखालून त्या बाहेर पडतात त्याच्या तीन फूट खाली वीतभर रुंद फळी ठोकणे शहाणपणाचे. लेंड्या फळीवर पडतात, पंधरा दिवसांनी ओल्या करून काढायच्या आणि कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायच्या. नत्राचे चांगले खत आहे.

## डांबरगोळ्या, धूर आणि कानाला न ऐकू येणारे यंत्र

डांबरगोळ्यांचा परिणाम व्हायचा तर इतक्या लागतात की आधी घरातली माणसे आजारी पडतील. लहान मुलांना त्या वाफा विशेष वाईट. धुराने पाकोळी गुदमरून घराच्या आतल्या बाजूला पळते. 'अल्ट्रासोनिक' यंत्राची गोष्ट गमतीची आहे. वटवाघूळ माणसाला ऐकू न येणारा उंच स्वर काढते आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून वाट काढते, आपण किल्ल्यावर ओ देऊन समोरची कातळभिंत किती दूर ते अदमासतो तसे. त्यावरून कुणी ठरवले की तसाच आवाज सोडला की ती पळेल. असा आवाज हवेत काही फुटांतच विरतो आणि लाकूड-विटेतून तर जातच नाही. पैसे वाचवा. चिकट पट्ट्यांबद्दल तर बोलायलाच नको.

## पण निपाहचे काय?

निपाह हा विषाणू फळे खाणाऱ्या वटवाघळांच्या अंगात राहतो, बहुधा त्यांना आजारी न पाडता. माणसाला झाला तर मात्र भीषण. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने १०० रुग्णांत ४० ते ७५ दगावतात. म्हणून भीती खोटी नाही. ती कशाची बाळगायची हे मात्र समजून घ्यायला हवे.

हा विषाणू पहिल्यांदा १९९८-९९ मध्ये मलेशियात कळला. तिथे फळझाडांखाली डुकरांचे गोठे होते, वरून उष्टी फळे पडत, डुकरे ती खात, डुकरांकडून माणसांना. बांगलादेशात वाट निराळी: खजुराच्या झाडाला रात्री लावलेल्या मडक्यातला रस वाघळे चाटतात, मडक्यात लाळ-मूत्र पडते, आणि पहाटे तो रस कच्चा प्यायला जातो. आपल्या देशात सिलिगुडीत २००१ मध्ये आणि कोझिकोडला २०१८ मध्ये मोठे उद्रेक झाले. कोझिकोडच्या उद्रेकात १७ जण गेले. दोन्हीकडे बहुतेकांना लागण झाली ती आजारी माणसाकडून, रुग्णालयात, शुश्रूषा करताना. आकाशातून उडत जाणाऱ्या वाघळाकडून नव्हे.

महाराष्ट्राचा संबंध? पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून नमुने घेतले होते. त्यांत गुहेत राहणाऱ्या फळखाऊ जातीत आणि किडे खाणाऱ्या एका छोट्या जातीतही निपाहच्या खुणा मिळाल्या, हे २०२१ मध्ये जाहीर झाले. म्हणजे विषाणू आपल्याकडच्या वाघळांत फिरतो हे मान्य करूनच बोलायला हवे. त्याच वेळी ही वाघळे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आमराईत आहेत हेही खरे. विषाणू त्यांच्या अंगातून सतत बाहेर पडत नाही, अधूनमधून पडतो, आणि माणसापर्यंत यायला त्याला लाळेचा किंवा मूत्राचा ताजा ओलावा लागतो.

तेव्हा तोडायची ती ही ओली वाट. दात लागलेले, पक्ष्याने की वाघळाने असा संशय असलेले फळ खायचे नाही. "तेवढा भाग कापून टाकला की झालं" हेही नाही. पडलेला आंबा, चिकू, पेरू गोळा करून पुरायचा. गोठ्यात किंवा डुकरांना टाकायचा नाही. झाडावरून काढलेले चांगले फळ धुऊन, सोलून खायचे. नीरा आणि ताडी झाकलेल्या मडक्याची असेल तरच. बांगलादेशात मडक्यावर बांबूच्या कामट्यांची झडप बांधतात, तेवढ्याने वाघूळ रसापर्यंत पोचत नाही. ताडी आंबली म्हणून विषाणू मेला असे धरून चालू नका. पाण्याची टाकी आणि विहीर झाकलेली हवी. उघड्या टाकीत वाघळे बुडूनही मरतात. साबण, डिटर्जंट आणि उकळी यांपुढे हा विषाणू टिकत नाही.

## आणि रेबीज?

श्रीलंकेत मोठ्या फळखाऊ वाघळांत रेबीजच्याच कुळातला गन्नोरुवा नावाचा विषाणू सापडला आहे. आपल्या वाघळांकडून माणसाला रेबीज होण्याचा धोका कुत्र्याच्या मानाने नगण्य; पण रेबीज झाल्यावर इलाज नाही, म्हणून इथे हिशेब करत बसायचे नसते. वटवाघूळ चावले, ओरखडले किंवा त्याची लाळ डोळ्यात-जखमेत गेली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा (घड्याळ लावून, १५ मिनिटे वाटतात त्यापेक्षा बरीच लांब असतात) आणि त्याच दिवशी डॉक्टरांना 'वटवाघूळ होते' असे स्पष्ट सांगा. छोट्या पाकोळीचे दात इतके बारीक की खूण दिसतही नाही. जागतिक आरोग्य संघटना वाघळाशी असा थेट संपर्क सर्वांत गंभीर, तिसऱ्या वर्गात धरते.

म्हणून नियम एकच: उघड्या हाताने उचलायचे नाही. मेलेलेही नाही.

## लेंड्या झाडायच्या नाहीत, भिजवायच्या

बंद, दमट जागी साचलेल्या विष्ठेत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढू शकते. तिचे कण श्वासात गेले तर फुप्फुसाचा आजार होतो. उघड्या बाल्कनीतल्या मूठभर लेंड्यांनी घाबरायचे कारण नाही. माळ्यावर वर्षानुवर्षे साचलेला थर काढायचा असेल तर मात्र कोरडा झाडू आणि व्हॅक्यूम दोन्ही वर्ज्य. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे. फवारणीच्या बाटलीने साबणाचे पाणी मारून थर चिंब करा, दहा मिनिटे थांबा, खरवडून दुहेरी पिशवीत भरा. मग फरशीवर ब्लीच: बाजारातल्या साध्या चार-पाच टक्के द्रावणाचा एक भाग, पाणी नऊ भाग. त्यात संडास धुण्याचे ॲसिड मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो कुठल्याही वाघळापेक्षा वाईट.

## घरात शिरले तर आधी पंखा

किंचाळण्याआधी, झाडू शोधण्याआधी, पंखा बंद. आपल्याकडे घरात आलेले वाघूळ मरते ते बहुधा पंख्याच्या पात्याने, आणि जखमी वाघूळ हाताळताना माणूस चावून घेतो. मग आतल्या खोल्यांचे दरवाजे लावा, बाहेरच्या खिडक्या सताड उघडा, पडदे बाजूला करा, दिवे घालवा आणि बाहेर जाऊन बसा. दहा-वीस मिनिटांत ते आपले निघून जाते. डोक्यावरून जाते ते केसांत अडकायला नव्हे. खोलीत वळण घेताना ते मध्यावर खाली येते, आणि मध्यावर नेमके आपण उभे असतो.

दमून भिंतीला चिकटले तर वर बुटाचा खोका ठेवा, मागून पुठ्ठा सरकवा. जमिनीवर असेल तर जाड टॉवेलने. बाहेर नेऊन जमिनीवर सोडू नका, बहुतेक वाघळांना सपाटीवरून उडता येत नाही. संध्याकाळी झाडाच्या खडबडीत खोडाला, डोक्याच्या उंचीवर, खोका आडवा टेकवा; ते चढून जाते. जखमी असेल तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

## "डास खातात ना? मग राहू द्या"

राहू द्या, पण या कारणासाठी नको. 'एक वटवाघूळ तासाला हजार डास खाते' हा आकडा सगळीकडे फिरतो. त्याचे मूळ अमेरिकेतल्या १९६० च्या एका प्रयोगात आहे. डास सोडलेल्या बंद खोलीत छोट्या वाघळांनी मिनिटाला दहापर्यंत डास टिपले. त्याला साठने गुणून, वर थोडी फोडणी देऊन हा आकडा तयार झाला. बाहेर मोकळ्यावर पाकोळी डासही खाते, पण पतंग, भुंगेरे, वाळवीचे पंखवाले किडे तिला जास्त परवडतात. ती रोज आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास किडे खाते हे खरे, शेतालगतच्या घराला याची किंमत कळते. डेंगीचा डास तर दिवसा चावतो, तेव्हा पाकोळी झोपलेली असते. कुंडीखालच्या ताटल्या तुम्हालाच रिकाम्या कराव्या लागतील.

## "त्यापेक्षा झाडच तोडू"

वडा-पिंपळावर शेकड्यांनी लटकते ते भारतातले सर्वांत मोठे वाघूळ, पंख पसरले की चार फुटांवर. ज्याच्या दारात ते झाड आहे त्याला पहाटेचा कलकलाट आणि वास यांचा त्रास होतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण करवत चालवण्याआधी कायदा बघा. महाराष्ट्रात शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि ५० वर्षांवरचे झाड आता वारसा वृक्ष धरले जाते. वाघळांचेही तसेच. २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत फळे खाणारी वाघळे वन्यजीव कायद्यात उंदीर-कावळ्यांच्या पंगतीला, उपद्रवी प्राण्यांत होती. १ एप्रिल २०२३ पासून ती यादीच गेली आणि मोठे वाघूळ दुसऱ्या अनुसूचीत आले. मारणे हा आता गुन्हा आहे. सांधेदुखीवर त्याचे तेल विकणाऱ्यांनाही हे लागू.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब उलटा बसतो. निपाहचा भाऊबंद असलेल्या हेंड्रा विषाणूवर ऑस्ट्रेलियात अनेक वर्षे अभ्यास झाला. अधिवास आणि अन्न तुटले की वाघळे माणसांच्या वस्तीजवळ विखुरतात आणि अशा काळात विषाणू जास्त बाहेर टाकतात, असे त्यात दिसले. निपाहच्या भीतीने वड तोडणे म्हणजे एका जागी असलेला धोका दहा अंगणांत वाटणे. झाडाखाली गाडी लावू नका, बाकडे सरकवा, खाली भाजीचा गाडा किंवा गोठा नको. झाड तिथेच राहू द्या.

चिकू-डाळिंबाच्या बागेला जाळी लावत असाल तर तिची वीण बघा. जाळीच्या भोकातून बोटाचे टोक आत जात असेल तर वाघूळ अडकते. पाच मिलिमीटरच्या आतली, पांढरी, ताणून बसवलेली जाळी फळही वाचवते आणि वाघूळही. एकेरी नायलॉन धाग्याची मासेमारीची जुनी जाळी टाकली तर सकाळी मेलेली वाघळे सोडवत बसावे लागते.

एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर गेला की झाडावरची वाघळे पंखांनी वारा घालू लागतात, अंग चाटतात, मग खोडावरून खाली सरकतात आणि शेवटी पडतात. मे २०२० मध्ये गोरखपूरजवळ अशीच पडली होती. कोविडच्या दिवसांत गावभर घबराट झाली; बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या तपासणीत कारण निघाले ऊन. अशा वेळी लोक मायेने झाडाखाली पाण्याचे पसरट भांडे ठेवतात. ते चिमण्या-साळुंक्यांच्या कामी येते, वाघळाच्या नाही. मोठे वाघूळ तळ्याच्या पाण्यावरून उडत जाताना पोट भिजवते आणि मग ते चाटते. त्याला लांब मोकळे पाणी लागते. त्यापेक्षा सकाळी दहाच्या आत झाडाच्या बुंध्याला आणि खालच्या फांद्यांना भरपूर पाणी मारून ठेवा. थेट अंगावर जोराची धार नको. घाबरून थवा भर उन्हात उडाला तर सावलीत तगून राहणारी वाघळेही संध्याकाळपर्यंत पडतात.